हाड माझं, रजा बायकोची

"काय पत्रकार साहेब, पळणं बंद केलं का?"

बसस्टँडसमोरच्या चहाच्या गाड्यावर, तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर, दळण आणायला गेलो तर गिरणीत. दिवाळीपासून हा प्रश्न रोज कुणीतरी विचारतंय. प्रत्येकाला अर्धं अर्धं सांगून कंटाळलो. म्हणून आज एकदाच सगळं लिहितो. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा. पण वाचा नक्की, कारण शेवटी एक काम आहे आणि ते तुमच्याशिवाय होणार नाही.

तर गोष्ट १५ ऑगस्टची. आपल्या गावची 'भव्य मॅरेथॉन'. होती १० किलोमीटरची. खरी मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा धावले आणि १९२१ मध्ये ते कायमचं ठरलं. आपल्याकडे पाच किलोमीटरची शर्यतसुद्धा फ्लेक्सवर मॅरेथॉनच असते. असो. फ्लेक्सच्या भाषेबद्दल आम्ही पत्रकारांनी जास्त बोलू नये, आमच्या जाहिराती तिथूनच येतात.

मला डोळ्यासमोर साताऱ्याची हिल मॅरेथॉन दिसत होती. यवतेश्वरचा घाट चढायचा आणि परत यायचं, २१ किलोमीटर. त्यासाठी जूनपासून बायपासच्या काँक्रीटवर पळत होतो. आठवड्याला १५ किलोमीटर पळणारा माणूस पाच आठवड्यांत ४० वर गेला. ग्रुपवर रोज स्ट्राव्हाचे स्क्रीनशॉट पडायचे. कुणी १२ टाकले की आपण १४ टाकायचे. जुलैच्या शेवटी उजव्या नडगीत कळ यायला लागली. बोट ठेवलं की एकाच ठिकाणी, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत. ग्रुपवर विचारलं तर उत्तर आलं, "पळा, पळता पळता मोकळं होईल." १५ ऑगस्टला सकाळी एक वेदनाशामक गोळी घेतली आणि पळालो. मेडल मिळालं, फोटो निघाला. घरी आलो आणि जिन्याची तिसरी पायरी चढता आली नाही.

दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला. स्वच्छ. "मुका मार आहे, दोन दिवस शेका," असं सांगण्यात आलं. मला तेच ऐकायचं होतं. गणपतीच्या दिवसांतलं सगळं कव्हरेज लंगडत केलं. तीन आठवड्यांनी कळ वाढली तेव्हा जिल्ह्याच्या गावाला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. परत एक्स-रे. त्यांनी तो उजेडात धरला आणि पेनानं दाखवलं. नडगीच्या हाडावर केसासारखी रेघ. स्ट्रेस फ्रॅक्चर.

हे नीट समजून घ्या, पळणाऱ्यांनी तर नक्कीच. हाड रोज थोडं झिजतं आणि रोज भरून येतं. व्यायाम वाढवला की शरीर आधी जुनं हाड काढतं, मग त्या जागी नवं भरतं. काढायला वेळ कमी लागतो, भरायला जास्त. आपल्या गावच्या रस्त्यांसारखंच, खोदाई एका रात्रीत होते आणि डांबर पडायला महिने लागतात. त्या खोदलेल्या रस्त्यावरून आपण रोज ट्रक चालवला तर काय होणार? तेच माझ्या नडगीचं झालं. आणि ही रेघ सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही, दोन-तीन आठवड्यांनी दिसायला लागते. म्हणून एक्स-रे स्वच्छ आला तरी दुखणं जर एकाच टोकाएवढ्या जागी असेल तर पळणं थांबवा. मोठ्या भागात, नडगीच्या कडेनं पसरून दुखणं हे वेगळं असतं. दोन्हींतला फरक डॉक्टरनं सांगायचा, ग्रुपनं नव्हे. वेदनाशामक गोळी खाऊन पळू नका हेही आताच सांगतो. ती दुखणं बरं करत नाही, दुखण्याची बातमी फक्त दाबून टाकते. वर अंगातलं पाणी कमी झालेलं असताना मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो तो वेगळाच.

डॉक्टरांनी तीन प्रश्न विचारले. झोप किती? म्हटलं, पाच तास. रात्री साडेदहा-अकरापर्यंत बातम्या पाठवायच्या आणि पहाटे साडेचारला उठायचं. जेवण? दुपारचं दोन ते चारमध्ये कधीतरी, वडापाव धरून. महिन्याभरात अंतर किती वाढवलं? दुपटीपेक्षा जास्त. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "हाड पळताना घडत नाही हो, झोपेत आणि जेवणात घडतं. तुम्ही मोडण्याचं काम पहाटे करत होता आणि दुरुस्तीला वेळच ठेवला नव्हता."

मग पायाला बूट आला, सहा आठवडे पळणं बंद, आणि चिठ्ठीवर एक शब्द लिहिला. विश्रांती.

इथून पुढं ही माझ्या पायाची गोष्ट राहत नाही.

आमचं घर तुम्हाला माहीत आहे. आई ७४ वर्षांची, तिचे गुडघे गेलेत. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, रोज स्कूटीवर जाऊन-येऊन २८ किलोमीटर. मुलगी दहावीला, मुलगा सहावीला. नळाला पाणी एक दिवसाआड, पहाटे साडेपाचला, जेमतेम पाऊण तास. अशा घरात एका माणसाला 'विश्रांती' लिहून दिली म्हणजे काय होतं? त्या माणसाचं काम नाहीसं होत नाही. ते फक्त दुसऱ्याच्या अंगावर जातं.

पत्रकाराची खोड, मोजल्याशिवाय चैन पडत नाही. वहीत लिहून ठेवलं. सहा आठवड्यांत बायकोच्या पाच किरकोळ रजा गेल्या. शिक्षकाला वर्षाला मिळतात बारा. दोन रजा माझ्या डॉक्टरसाठी, एक आईच्या तपासणीसाठी, कारण एरवी आईला मी न्यायचो. उरलेल्या दोन मुलगा तापानं पडला तेव्हा. गॅसची टाकी जिन्यावरून मुलीनं आणि तिनं मिळून चढवली. मुलाला क्लासला सोडणं-आणणं शेजारच्या काकांवर गेलं. आणि मी पलंगावर पाय उशीवर ठेवून 'रिकव्हरी'चे व्हिडिओ बघत होतो.

त्या वहीत मी आणखी एक पान लिहिलं, जे लिहायला जास्त जड गेलं. पाय मोडायच्या आधीचं पान. पहाटे साडेपाचला नळ यायचा तेव्हा मी कुठं असायचो? बायपासवर. आठवड्याला पाच दिवस, दीड-दीड तास. रविवारी लांब पल्ला, मग ग्रुपबरोबर मिसळ, घरी यायला साडेनऊ. म्हणजे आठवड्याचे नऊ तास मी 'स्वतःसाठी' काढले होते. लोक कौतुक करायचे, एवढ्या धावपळीत वेळ कसा काढता? मीही सांगायचो, इच्छा असली की वेळ निघतो. खरं उत्तर होतं, माझा वेळ बायको काढून देते. ती पाणी भरते, डबे करते, आईचं करते आणि शाळेत जाते. आपण ज्याला 'बॅलन्स' म्हणतो तो बऱ्याच घरांत दुसऱ्या कुणीतरी खांद्यावर धरलेला असतो.

आता मुख्य गोष्ट. बूट निघाल्यावर व्यायाम शिकायला जिल्ह्याच्या गावाला फिजिओथेरपिस्टकडे जायचं होतं. शनिवारी सकाळची शाळा, म्हणून बायको बरोबर आली. माझं तासभर चाललं, ती बाहेर बाकावर बसून पेपर तपासत होती. माझं झालं, ती उठली आणि भिंतीला हात धरून चार-पाच पावलं टाकली. मग नेहमीसारखी चालायला लागली. फिजिओ ताईंनी ते पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, टाच दुखते का? सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकताना जास्त?"

बायको म्हणाली, "हो. दोन वर्षं झाली."

दोन वर्षं. एका घरात राहून मला माहीत नव्हतं. खोटं कशाला बोलू, रोज सकाळी ती भिंत धरून मोरीपर्यंत जाते हे मी पाहिलं असणार. पाहून लक्षात आलं नव्हतं. शाळेत पाच-सहा तास फळ्यासमोर उभं राहायचं, घरी शहाबादी फरशीवर अनवाणी उभं राहून स्वयंपाक करायचा. तळपायाच्या पट्ट्याला सूज होती, त्याला प्लांटर फॅसिआयटिस म्हणतात. पळणाऱ्यांनाही हे होतं, आणि ग्रुपमध्ये कुणाला झालं की त्याला बूट कुठले घ्यावे इथपासून सल्ल्यांचा पाऊस पडतो. बायकोला कुणी विचारलंच नव्हतं. तिनं स्वतःच मेडिकलमधून मलम आणलं होतं.

उपाय साधे सांगितले. घरात अनवाणी चालायचं नाही, मऊ चप्पल घालायची. अंथरुणातून उठायच्या आधी टॉवेल तळपायाला अडकवून बोटं आपल्याकडे ओढायची. पोटरीचा ताण रोज काढायचा. फ्रीजरमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली तळपायाखाली फिरवायची. पायरीवर टाच वर-खाली करायचा व्यायाम. काही महिने नेमानं करायचं, बहुतेकांचं बरं होतं. आणि शेवटी ताई म्हणाल्या, "जमेल तेवढी विश्रांती घ्या."

बायको हसली. ते हसू मी विसरणार नाही.

मला दोन दिवसांत चिठ्ठी मिळाली आणि सगळं घर कामाला लागलं, तिला दोन वर्षांत काही मिळालं नाही. कारण माझी दुखापत मैदानावरची, मेडलची, फोटोची. तिची फरशीवरची. फरशीवर झालेल्या दुखापतीला आपल्याकडे दुखापत म्हणत नाहीत, 'बायकांचं असतंच काहीतरी' म्हणतात.

इथं काही जण म्हणतील, झालं, पत्रकार साहेबांना पळणं वाईट वाटायला लागलं. तसं नाही. पळण्यानं माझी साखर काठावरून मागं आली. पळण्यानं मला आपल्या गावातली अशी माणसं भेटली जी एरवी एका टेबलाला बसली नसती. भाजीचा गाडा लावणारा, तलाठी, सराफ, एसटीचा वाहक. आणि पळण्याची ताकद आपल्या मातीला नवीन नाही. माणसारख्या दुष्काळी तालुक्यातली ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये पदक घेऊन आली. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून आहे, मुंबईची २००४ पासून. आता ते लोण तालुक्याच्या गावांत आलंय, ते चांगलंच आहे. लोक पहाटे उठून दारूच्या नव्हे, चपलेच्या दुकानाचा पत्ता विचारतात, हे चांगलंच आहे.

पण शर्यत आणली म्हणजे झालं, असं नाही. शर्यतीबरोबर मैदान यायला हवं, उपचार यायला हवेत, आणि थोडी अक्कलही यायला हवी. आपल्याकडे टी-शर्ट आला, मेडल आलं, ड्रोन आला, बाकी काही आलं नाही.

१५ ऑगस्टचंच घ्या. वेळ साडेसहाची होती. पाहुणे यायला उशीर झाला म्हणून झेंडी दाखवायला साडेसात वाजले. तासभर पोरं उभी, तीही उपाशी. काही पोरं अनवाणी काँक्रीटवर पळाली. सहाव्या किलोमीटरनंतर पाणी संपलं. रुग्णवाहिका होती, पण ती पाहुण्यांच्या गाड्यांच्या मागं अडकलेली. हे मी तेव्हा बातमीत लिहिलं नाही. 'उत्स्फूर्त प्रतिसाद' असं लिहिलं. ती चूक माझी, आज इथं कबूल करतो.

आणि मोडल्यावर जायचं कुठं? आपल्या सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपीची खोली आहे. आत मशीनं आहेत, त्यांच्यावर प्लास्टिक आहे. दाराला कुलूप आहे. माणूस नाही. मी एका वेळेला साडेतीनशे रुपये आणि एसटीचं भाडं खर्च करून दहा वेळा जाऊ शकलो. ऊसतोड करून मणक्याचं दुखणं घेऊन आलेला माणूस जाईल का? पक्षाघात झालेल्या म्हाताऱ्याला घेऊन त्याची सून आठवड्यातून तीनदा एसटीत चढेल का?

म्हणून 'पळणं हा तुमचा शौक, त्यासाठी सरकारनं पैसे का घालायचे' असं विचारणाऱ्यांना माझं एवढंच उत्तर आहे. ते कुलूप पळणाऱ्यांसाठी उघडायचं नाहीये. माझी नडगी फक्त निमित्त. ते कुलूप माझ्या आईच्या गुडघ्यासाठी, तुमच्या वडिलांच्या खांद्यासाठी, शाळेतल्या बाईंच्या टाचेसाठी उघडायचं आहे. पळणारे आम्ही बोलके आहोत, आमच्याकडे ग्रुप आहेत, आमचे फोटो पेपरात येतात. मग त्या आवाजाचा गावाला काहीतरी उपयोग होऊ दे.

२६ जानेवारीला पुन्हा शर्यत आहे. फ्लेक्स लागायला सुरुवात झालीये. माझ्या मागण्या अशा आहेत.

एक. वेळ पाळा. सहाची म्हणजे सहाची. पाहुणे आले नाहीत तर गावातल्या सर्वांत जुन्या सफाई कामगाराच्या हाती झेंडी द्या, शोभा वाढेल.

दोन. नोंदणी निदान आठ आठवडे आधी सुरू करा आणि नोंदणीबरोबर सरावाचं साधं वेळापत्रक द्या. पहिल्यांदा पळणाऱ्याला थेट १० किलोमीटरला उभं करू नका, ३ आणि ५ ची शर्यत ठेवा. लहान मुलांना काँक्रीटवर लांब पळवू नका.

तीन. मेडलचा खर्च थोडा कमी करा आणि शर्यतीनंतर आठवडाभर फिजिओथेरपीचं मोफत शिबिर ठेवा. फक्त धावपटूंसाठी नव्हे, सगळ्या गावासाठी.

चार. तालुका क्रीडा संकुलाचं मैदान पहाटे पाच ते आठ आणि संध्याकाळी उघडं ठेवा. दिवे लावा, बायकांसाठी स्वच्छतागृह चालू करा. मातीवर पळायला जागा मिळाली तर निम्मी माणसं बायपासवर जाणार नाहीत. बायका तर बायपासवर येऊच शकत नाहीत, हे आपल्या ग्रुपचा फोटो पाहिला तरी कळतं. बावीस जणांत बाई एक.

पाच. रुग्णालयातलं फिजिओथेरपिस्टचं पद भरा. तोपर्यंत आठवड्यातून दोन दिवस तरी जिल्ह्याहून माणूस पाठवा.

आणि पळणाऱ्या मित्रांनो, सहावी मागणी तुमच्याकडे. दुखतंय म्हणणाऱ्याला ग्रुपवर 'पळा' म्हणू नका. आठवड्याचं अंतर थोडं थोडं वाढवा. झोप कमी झाली त्या दिवशी पळू नका. ते आळस नाही, तो हिशोब आहे. घरातलं आजारपण, रात्रीची ड्युटी, लग्नसराई, परीक्षा हा सगळा ताण त्याच शरीरावर येतो, स्ट्राव्हाला तो दिसत नाही एवढंच. आणि पहाटेच्या त्या दीड तासात तुमच्या घरात काय चालू असतं, ते एकदा घरी थांबून बघा.

मी काय करतोय? डॉक्टरांच्या परवानगीनं पळणं सुरू झालंय. चार मिनिटं चालायचं, एक मिनिट पळायचं, असं पाच-सहा वेळा. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, आणि नळाचा दिवस सोडून. नळाच्या दिवशी पाणी मी भरतो. पहिल्या दिवशी टाकी भरून वाहिली आणि जिन्यात तळं झालं, आईनं वरून सुनावलं, "पळायला जा बाबा, ते बरं होतं!" आता जमतं. संध्याकाळच्या भाज्या मी चिरून ठेवतो, स्टुलावर बसून. म्हणजे ओट्यापाशी उभं राहण्याचा तिचा अर्धा तास वाचतो.

बायकोच्या टाचेला बराच आराम आहे. मऊ चप्पल घरात घालायला आईचा आधी विरोध होता, स्वयंपाकघरात चप्पल कशी चालेल म्हणून. वेगळी जोडी आणली, ती फक्त घरातच घालायची असं ठरलं आणि वाद मिटला. मागच्या आठवड्यात आईनंच विचारलं, "माझ्या मापाची मिळंल का रे?"

साताऱ्याचं यंदा हुकलं. पुढच्या वर्षी बघू. घाट कुठं पळून जात नाही.

आता काम. वरच्या पाच मागण्यांचं निवेदन तयार आहे. सोमवारी सकाळी ११ वाजता तहसील कचेरीत द्यायचं आहे, एक प्रत रुग्णालयाला आणि एक शर्यतीच्या आयोजकांना. पळणाऱ्यांनी या, न पळणाऱ्यांनी जास्त या. ज्यांना येता येणार नाही त्यांनी खाली कॉमेंटमध्ये नाव आणि वॉर्ड लिहा, सहीला घरी येतो. जिना चढायला आता त्रास नाही.

आणि आज घरी गेल्यावर एक प्रश्न नक्की विचारा. "तुझं काही दुखतं का?" उत्तर 'नाही' आलं तर सकाळी पहिली चार पावलं कशी पडतात ते बघा.